एडिथ क्रेग आणि पायोनियर प्लेअर्स

आधुनिक युरोपीय रंगभूमीचा इतिहास सांगताना क्रेग या आडनावाचा उल्लेख आवर्जून केला जातो. हा उल्लेख बहुधा एडवर्ड गॉर्डन क्रेग याचा असतो. रंगभूमीवर अखेरचा शब्द दिग्दर्शकाचा असला पाहिजे, हा विचार त्याने १९०५ मध्ये ‘द आर्ट ऑफ द थिएटर’ या छोट्याशा पुस्तकात मांडला. मॉस्को आर्ट थिएटरने १९१२ मध्ये रंगमंचावर आणलेल्या ‘हॅम्लेट’साठी त्याने केलेली नेपथ्ययोजना सर्वत्र गाजली. १९०८ पासून फ्लॉरेन्सहून त्याने चालविलेल्या ‘द मास्क’ या नियतकालिकात आनंद कुमारस्वामी यांचा भारतीय नाट्यतंत्रावरील लेख प्रसिद्ध झाला होता. त्यामुळे भारतातील अभ्यासकांनाही त्याचे नाव परिचित आहे.

याच गॉर्डन क्रेगची त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी असलेली बहीण एडिथ हीदेखील दिग्दर्शिका होती. भावाने आयुष्यात मोजकीच नाटके बसविली. बहिणीने मात्र सुमारे चार दशके अखंडपणे नाटके बसविली. तरीही तिच्या मृत्यूनंतर दीर्घकाळपर्यंत तिचे नाव आईच्या आणि भावाच्या चरित्रांपुरतेच उरले होते. बर्नार्ड शॉ याने या विसंगतीवर नेमके बोट ठेवले होते. काहीच न बसविता भाऊ युरोपातील सर्वांत प्रसिद्ध दिग्दर्शक ठरला आणि सर्व काही बसवून बहीण सर्वांत अप्रसिद्ध राहिली, अशा आशयाचे त्याचे उद्गार आहेत. शॉच्या बोलण्यात अतिशयोक्ती असली, तरी त्यातून एक गंभीर प्रश्न उभा राहतो. रंगभूमी कोणाचे काम लक्षात ठेवते आणि कोणाचे विसरते? एडिथ क्रेगच्या जीवनकार्याचा परिचय करून घेताना या प्रश्नाचे उत्तरही शोधावे लागते.

टेरी घराणे

एडिथचा जन्म ९ डिसेंबर १८६९ रोजी इंग्लंडमधील हर्टफर्डशर परगण्यात झाला. तिची आई एलन टेरी ही पुढे इंग्लिश रंगभूमीची सर्वांत लोकप्रिय अभिनेत्री झाली. टेरी हे नटांचेच घराणे होते. एलनचे आईवडील गावोगाव फिरून नाटके करीत. त्यांच्या मुलांपैकी केट, एलन, मॅरियन आणि फ्रेड यांनी रंगभूमीवर नाव मिळविले. विसाव्या शतकातील विख्यात नट जॉन गिलगुड हा केटचा नातू होय. स्वतः एलन १८५६ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षाच्या आतच, शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’मध्ये राजपुत्राच्या भूमिकेत रंगमंचावर उतरली होती.

एडिथचे वडील एडवर्ड विल्यम गॉडविन हे वास्तुशिल्पज्ञ होते. नाटकांतील ऐतिहासिक वेषभूषा व नेपथ्य यांचा त्यांचा व्यासंग मोठा होता. एलनचा चित्रकार जी. एफ. वॉट्स याच्याशी झालेला पहिला विवाह त्या वेळी कायद्याने संपुष्टात आलेला नव्हता. त्यामुळे गॉडविन आणि एलन यांचा विवाह होऊ शकला नाही. व्हिक्टोरियन समाजाच्या दृष्टीने त्यांची दोन्ही मुले अनौरस होती. वडिलांचे आडनाव त्यांना मिळाले नाही आणि आईचेही लावले गेले नाही. स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ एल्सा क्रेग नावाचे एक खडकाळ बेट आहे. त्यावरून क्रेग हे आडनाव घेतले गेले, असे सांगितले जाते. रंगमंचावर काम करताना एडिथने काही काळ ‘एल्सा क्रेग’ हेच नाव धारण केले होते.

१८७८ मध्ये एलन टेरी हेन्री अर्व्हिंगच्या लायसियम थिएटरमध्ये दाखल झाली. पुढील दोन दशके या जोडीने लंडनच्या रंगभूमीवर राज्य केले. एडिथचे आणि गॉर्डनचे बालपण अशा रीतीने नाट्यगृहाच्या विंगेतच गेले. मुलगी अभिनेत्री होणार, हे जणू ठरलेलेच होते.

सुईपासून रंगमंचापर्यंत

एडिथचा स्वतःचा ओढा मात्र प्रथम संगीताकडे होता. पियानोच्या शिक्षणासाठी ती बर्लिनलाही गेली. परंतु संधिवाताने बोटे साथ देईनाशी झाली आणि वादक होण्याचा विचार तिला सोडावा लागला. त्यानंतर लायसियमच्या मंडळीत तिने लहानमोठ्या भूमिका केल्या, दौरे केले. अभिनयात तिने नाव कमावले नाही. पण नाटक उभे कसे राहते, हे तिने या काळात जवळून पाहिले.

तिचे खरे शिक्षण वेषभूषेच्या दालनात झाले. १८९९ मध्ये अर्व्हिंगने रंगमंचावर आणलेल्या ‘रोबस्पिएर’ या नाटकासाठी तिने पोशाख तयार करविले. त्याच सुमारास नाटकांसाठी कपडे शिवून देण्याचा स्वतःचा व्यवसाय तिने लंडनमध्ये सुरू केला. व्यापार म्हणून तो यशस्वी झाला नाही व काही वर्षांतच बंद पडला. तथापि कोणते कापड दिव्यांच्या उजेडात कसे दिसते, रंग कसा द्यावा, थोड्या पैशांत भरजरीचा आभास कसा निर्माण करावा, एका पोशाखातून दुसरा कसा काढावा, हे ज्ञान तिला आयुष्यभर पुरले. १९०३ मध्ये एलन टेरीने इंपिरियल थिएटर चालविण्यास घेतले आणि इब्सेनच्या ‘द व्हायकिंग्ज’ या नाटकाचे दिग्दर्शन गॉर्डनकडे सोपविले. या प्रयोगांसाठी आई, मुलगा आणि मुलगी एकत्र आली. नाटक थोड्याच आठवड्यांत बंद पडले आणि आईला मोठी आर्थिक झळ सोसावी लागली. गॉर्डन पुढे युरोपात निघून गेला. एडिथ मागे राहिली व आईच्या दौऱ्यांची व्यवस्था पाहू लागली. १९०७ मधील अमेरिकेच्या दौऱ्यातही रंगमंचाची सर्व जबाबदारी तिच्याकडे होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आज आपण ज्याला दिग्दर्शक म्हणतो, त्याचे स्वतंत्र स्थान त्या काळी नुकतेच आकार घेत होते. त्यापूर्वी मंडळीचा प्रमुख नटच तालमी घेई आणि बाकीचा भार रंगमंच व्यवस्थापकावर पडे. हा प्रमुख नट बहुधा मालकही असे आणि बहुधा पुरुषच असे. स्त्री रंगमंचावर झळकू शकत होती, क्वचित नाट्यगृह चालवूही शकत होती. परंतु नटांना कोठे उभे राहावे, कसे बोलावे हे सांगण्याचा अधिकार तिच्याकडे असावा, ही कल्पना रुळलेली नव्हती. एडिथला हा अधिकार व्यावसायिक रंगभूमीने दिला नाही. तो तिला एका राजकीय चळवळीमुळे मिळाला.

मताधिकाराची चळवळ

विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी मोठा लढा उभा राहिला होता. १९०८ मध्ये अभिनेत्रींनी आपली स्वतंत्र संघटना, ‘ॲक्ट्रेसेस फ्रँचाइज लीग’, स्थापन केली. सभांमध्ये करावयाच्या एकांकिका लिहविणे आणि त्यांचे प्रयोग करणे, हे तिचे एक प्रमुख कार्य होते. एडिथने या कामाला वाहून घेतले. १८९९ पासून तिच्यासोबत राहणारी लेखिका क्रिस्टोफर सेंट जॉन हीसुद्धा चळवळीत उतरली होती. तिचे मूळ नाव क्रिस्टाबेल मार्शल असे होते. तिने आणि सिसिली हॅमिल्टनने लिहिलेले ‘हाऊ द व्होट वॉज वन’ हे प्रहसन एडिथने १९०९ मध्ये बसविले. त्याचा विषय मोठा गमतीचा आहे. स्त्रियांचा सांभाळ पुरुष करतात, म्हणून त्यांना मत नको, असे सरकार म्हणते. तेव्हा सगळ्या कष्टकरी स्त्रिया काम सोडतात आणि आपल्या जवळच्या पुरुष नातेवाइकाच्या दारात जाऊन उभ्या राहतात. एका सामान्य कारकुनाच्या घरी अशा नातलग बायकांची रीघ लागते आणि संध्याकाळपर्यंत तो मताधिकाराचा कट्टर पुरस्कर्ता बनतो.

त्याच वर्षी १० नोव्हेंबरला लंडनच्या स्काला थिएटरमध्ये ‘अ पेजंट ऑफ ग्रेट विमेन’ हा थोर स्त्रियांचे दर्शन घडविणारा प्रयोग सादर झाला. शब्द सिसिली हॅमिल्टनचे होते, मूळ कल्पना आणि दिग्दर्शन एडिथचे होते. न्यायदेवतेपुढे ‘स्त्री’ स्वातंत्र्याची मागणी घेऊन उभी आहे आणि ‘पूर्वग्रह’ नावाचा पुरुष तिला विरोध करीत आहे, अशी त्याची मांडणी होती. स्त्रीला बुद्धी नाही, असे पूर्वग्रह म्हणतो आणि विदुषींचा मेळा रंगमंचावर येतो. मग कलावती येतात, संत स्त्रिया येतात, राज्य करणाऱ्या राण्या येतात. शेवटी पूर्वग्रह आपले अखेरचे अस्त्र काढतो: राज्य बळावर चालते, तलवार पुरुषाच्या हाती असते. त्याला उत्तर म्हणून वीरांगना पुढे येतात.

या वीरांगनांमध्ये फ्रान्सची जोन ऑफ आर्क होती, प्राचीन ब्रिटनची बोडिसिया होती आणि झाशीची राणी लक्ष्मीबाईही होती. भारतीय वाचकाने येथे क्षणभर थांबावे. १८५७ च्या उठावाला त्या वेळी अवघी बावन्न वर्षे झाली होती. ज्या साम्राज्याशी लढताना राणीला वीरमरण आले, त्याच्याच राजधानीत, मताचा हक्क मागणाऱ्या इंग्रज स्त्रियांनी तिला आपली साक्षीदार म्हणून उभे केले. त्या साम्राज्याविषयी या सर्व स्त्रियांची मते काय होती, हा वेगळा प्रश्न आहे. परंतु सैन्याचे नेतृत्व करणारी स्त्री दाखवावयाची म्हटल्यावर मराठी कुळातील या राणीला वगळून चालणार नाही, एवढे त्यांनी ओळखले होते.

या प्रयोगाची रचना दिग्दर्शनाच्या दृष्टीने अभ्यास करण्याजोगी आहे. बोलणारी पात्रे अगदी थोडी होती. बाकीच्या पन्नासहून कमी-अधिक स्त्रियांना फक्त योग्य पोशाखात, योग्य क्षणी, योग्य चालीने येऊन आपली जागा घ्यावयाची होती. त्यामुळे मुख्य भूमिका अनुभवी कलावंतांकडे देऊन उरलेल्या भूमिका गावोगावच्या कार्यकर्त्या स्त्रियांकडून करून घेणे शक्य झाले. एडिथ पोशाखांच्या पेट्या घेऊन गावी जाई, थोडक्या तालमींत मिरवणूक व समूहरचना बसवी आणि प्रयोग करी. पुढील दोन-तीन वर्षांत इंग्लंडमधील अनेक शहरांत हा प्रयोग झाला. ज्या स्त्रिया कधी रंगमंचावर चढल्या नव्हत्या, त्या शेकडो लोकांसमोर एखाद्या राणीच्या किंवा विदुषीच्या वेषात ताठ मानेने उभ्या राहिल्या. सभेतील भाषणाने जे साधले नसते, ते या उभे राहण्याने साधले.

पायोनियर प्लेअर्सची स्थापना

१९११ मध्ये एडिथने ‘पायोनियर प्लेअर्स’ ही स्वतःची नाट्यसंस्था स्थापन केली. एलन टेरी तिची अध्यक्षा झाली. दिग्दर्शनाची आणि कारभाराची धुरा एडिथकडे होती. संस्था वर्गणीदार सभासदांच्या बळावर चाले. प्रत्येक नाटकाचे एक किंवा दोन प्रयोग होत व ते बहुधा रविवारी होत.

या पद्धतीमागे दोन व्यावहारिक कारणे होती. त्या काळी इंग्लंडमध्ये प्रत्येक नव्या नाटकाला लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याची पूर्वसंमती लागे. नाटकांवरील हे परिनिरीक्षण १९६८ पर्यंत चालू होते. सभासदांपुरता मर्यादित असलेला खाजगी प्रयोग मात्र या नियमाच्या कचाट्यातून निसटत असे. दुसरे कारण असे की, रविवारी व्यावसायिक नाट्यगृहे बंद असत. त्यामुळे चांगले नटनटी मोकळे मिळत आणि रिकामे नाट्यगृहही मिळू शके. या सवलतीचा लाभ घेऊन संस्थेने १९१२ मध्ये शॉचे ‘मिसेस वॉरेन्स प्रोफेशन’ सादर केले. वेश्याव्यवसायाच्या आर्थिक कारणांची चर्चा करणाऱ्या या नाटकाला सार्वजनिक प्रयोगाची परवानगी नव्हती.

संस्थेचा पहिला कार्यक्रम ८ मे १९११ रोजी किंग्जवे थिएटरमध्ये झाला. त्यात स्त्रियांनी लिहिलेल्या तीन एकांकिका होत्या. मार्गारेट नेव्हिन्सनच्या ‘इन द वर्कहाउस’मध्ये सरकारी अनाथालयातील निराधार स्त्रिया एकमेकींशी बोलतात आणि विवाहित स्त्रीला कायद्याने स्वतःवर व मुलांवर किती थोडा हक्क दिला आहे, हे त्यांच्या बोलण्यातून उघड होते. क्रिस्टोफर सेंट जॉनच्या ‘द फर्स्ट ॲक्ट्रेस’ची नायिका सतराव्या शतकातील मार्गारेट ह्यूझ ही आहे. स्त्रीभूमिका पुरुषांनीच कराव्यात, हा प्रघात मोडून ती रंगमंचावर येते, उपहासाने खचते आणि भविष्यातील थोर अभिनेत्रींचे दर्शन तिला घडते. एके काळी स्त्रीने अभिनय करणेही असंभवनीय मानले जात होते, याचे स्मरण देणारी ही एकांकिका एका स्त्रीने दिग्दर्शित केली होती, हा योग अर्थपूर्ण म्हटला पाहिजे.

प्रचाराकडून प्रयोगाकडे

पायोनियर प्लेअर्स ही केवळ प्रचारकी नाटके करणारी संस्था असती, तर तिचे महत्त्व तेवढ्यापुरतेच राहिले असते. परंतु एडिथची दृष्टी अधिक व्यापक होती. जानेवारी १९१४ मध्ये तिने ‘पॅफ्न्युशियस’ हे नाटक बसविले. दहाव्या शतकात जर्मनीतील गांडर्सहाइम येथील मठात राहणाऱ्या ह्रोत्स्विट या स्त्रीने ते लॅटिन भाषेत लिहिले होते. जवळजवळ हजार वर्षांपूर्वी एक स्त्री नाटके लिहीत होती, ही गोष्ट पुस्तकात वाचणे वेगळे आणि तिचे नाटक डोळ्यांसमोर घडताना पाहणे वेगळे. या प्रयोगात मठाधिपतीण झाली होती खुद्द एलन टेरी.

पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या रंगभूमीवर हलक्याफुलक्या करमणुकीचा जोर होता. पायोनियर प्लेअर्सने याच वर्षांत परदेशी नाटकांकडे मोर्चा वळविला. फ्रेंच कवी पॉल क्लोदेलची नाटके त्यांनी इंग्लिश प्रेक्षकांपुढे आणली. त्यांपैकी ‘द होस्टेज’मध्ये १९१९ साली सिबिल थॉर्नडाइकने केलेली भूमिका विशेष वाखाणली गेली. जपानी लेखक तोराहिको कोरी आणि अमेरिकन लेखिका सूझन ग्लास्पेल यांच्या कृतींनाही संस्थेने स्थान दिले.

एडिथच्या कल्पकतेचा उत्तम नमुना म्हणून रशियन नाटककार एव्हरेइनोव्ह याच्या ‘द थिएटर ऑफ द सोल’ या एकांकिकेकडे बोट दाखविता येईल. हे नाटक माणसाच्या अंतःकरणात, अर्ध्या सेकंदाच्या अवधीत घडते. एकाच माणसाची विचारशील, भावनाशील आणि सुप्त अशी तीन रूपे ही यातील पात्रे होत. वास्तववादी नेपथ्याने असे नाटक उभे करता येणे शक्य नव्हते. १९१५ मध्ये एडिथने रंगमंच अंधारात ठेवला आणि वेगवेगळ्या उंचीवर केवळ चेहरे उजळविले. अंधार आणि प्रकाश एवढीच सामग्री होती. खर्च अल्प होता आणि परिणाम विलक्षण होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात अलहम्ब्रा थिएटरमधील एका कार्यक्रमात ही एकांकिका ठेवली होती. परंतु नाट्यगृहाच्या चालकाने ऐनवेळी ती काढून टाकली. खाजगी प्रयोगाच्या भिंतीबाहेर पाऊल टाकताच किती अडथळे येत, याची त्यावरून कल्पना येते.

१९१८ मध्ये तीस वर्षांवरील व ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या ब्रिटिश स्त्रियांना मताधिकार मिळाला. पैशाची चणचण मात्र संस्थेच्या पाठीस लागलेलीच होती. १९२० मध्ये पायोनियर प्लेअर्सचे नियमित कार्य थांबले. १९२५ मध्ये ग्लास्पेलच्या ‘द व्हर्ज’साठी संस्था एकदा पुन्हा उभी राहिली. त्यातही सिबिल थॉर्नडाइकची प्रमुख भूमिका होती.

लंडनबाहेर आणि स्मॉलहाइथ

यानंतर एडिथचे कार्यक्षेत्र बदलले. लीड्स, यॉर्क यांसारख्या शहरांत हौशी कलावंतांच्या संस्था उभ्या राहत होत्या. तेथे तिने नाटके बसविली. खेड्यांतील ऐतिहासिक देखाव्यांचे कार्यक्रमही तिने हाती घेतले. तालमीत ती अत्यंत कडक असे आणि तिचा शब्द तिखट असे, अशी आठवण तिच्या सहकाऱ्यांनी नोंदविली आहे. पण समोर प्रख्यात नट आहे की गावातील शिक्षिका, यावरून तिच्या श्रमात फरक पडत नसे.

केंट परगण्यात टेंटरडेनजवळ स्मॉलहाइथ येथे एलन टेरीने १८९९ मध्ये एक जुने लाकडी बांधणीचे घर घेतले होते. शेजारच्या ‘प्रीस्ट्स हाउस’मध्ये एडिथ आणि क्रिस्टोफर सेंट जॉन राहत. १९१६ पासून चित्रकर्ती क्लेअर ॲटवुड हीही त्यांच्यात सामील झाली. या तिघींचा सहवास एडिथच्या मृत्यूपर्यंत टिकला. २१ जुलै १९२८ रोजी एलन टेरीचे स्मॉलहाइथ येथे निधन झाले. एडिथने आईच्या घराचे स्मारक-संग्रहालय केले. आवारातील धान्याच्या कोठाराचे तिने १९२९ मध्ये छोट्या नाट्यगृहात रूपांतर केले आणि दरवर्षी आईच्या स्मृतिदिनाच्या सुमारास तेथे शेक्सपिअरच्या नाटकांचे प्रयोग सुरू केले. लंडनचे नामवंत कलावंत या कोठारात येऊन कामे करीत. १९३९ मध्ये हे घर तिने नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन केले. २७ मार्च १९४७ रोजी एडिथ निवर्तली.

व्हर्जिनिया वुल्फच्या ‘बिट्वीन द ॲक्ट्स’ या १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत गावकऱ्यांचा ऐतिहासिक देखावा बसविणारी मिस ला ट्रोब हे पात्र आहे. ते एडिथवरून सुचले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

मूल्यमापन

दिग्दर्शकाच्या कार्याविषयी क्रेग भावंडांच्या कल्पना परस्परविरुद्ध होत्या. गॉर्डनच्या मते दिग्दर्शक हा एकमेव कलावंत होय. नट, कापड, प्रकाश ही त्याच्या हातातील साधने होत. असे आदर्श नाट्यगृह प्रत्यक्षात मिळणे दुर्घट होते. म्हणून त्याचे विचार पुस्तकांत आणि रेखाचित्रांत उतरले व तेथेच टिकून राहिले. एडिथने कोणताही सिद्धांत लिहिला नाही. जे नाट्यगृह मिळाले, जी माणसे मिळाली, जेवढे पैसे मिळाले, त्यांतून रविवारच्या संध्याकाळपर्यंत प्रयोग उभा करणे, हे तिचे काम होते. सोमवारी त्यातील काहीच शिल्लक राहत नसे. गॉर्डनच्या विचारांनी रंगभूमीला नवी दिशा दिली, हे खरेच आहे. परंतु छापील पान टिकते आणि प्रयोग विरतो, या साध्या कारणामुळे दोघांच्या कीर्तीत पडलेले अंतर त्यांच्या कर्तृत्वातील अंतराहून पुष्कळ मोठे झाले.

एडिथ स्त्री असल्यामुळे हे अंतर अधिकच वाढले. व्यावसायिक नाट्यगृहांनी तिला आपल्या दारात फारसे उभे केले नाही. तिचे काम खाजगी संस्थांत, सभागृहांत, हौशी मंडळींत झाले आणि त्या काळच्या इतिहासकारांचे लक्ष तिकडे गेले नाही. घराण्याच्या नावाने तिला आधार दिला. एलन टेरी अध्यक्षा नसती, तर पायोनियर प्लेअर्सला नामवंत कलावंत मिळणे कठीण गेले असते. पण त्याच नावाने तिच्याकडून मोबदलाही घेतला. आयुष्याची अखेरची अठरा-एकोणीस वर्षे तिने मुख्यतः आईची स्मृती जतन करण्यात वेचली.

याच जतनामुळे मात्र पुढे एक अनपेक्षित गोष्ट घडली. आईच्या वस्तूंबरोबर एडिथचे स्वतःचे कागद, कार्यक्रमपत्रिका आणि पत्रव्यवहारही स्मॉलहाइथ येथे राहिले. १९८० नंतर स्त्रियांच्या रंगभूमीचा इतिहास नव्याने लिहिला जाऊ लागला, तेव्हा अभ्यासकांना या साहित्याचा मोठा उपयोग झाला. कोणत्या रविवारी, कोणत्या नाट्यगृहात, कोणत्या नटांना घेऊन कोणते नाटक झाले, हे एकेक करून जुळविता आले. त्यातून जे चित्र उभे राहते, ते एका मोठ्या नटीच्या मुलीचे नसून नाटक निवडण्यापासून त्यातील शेवटच्या पोशाखाची शिवण तपासण्यापर्यंत सर्व जबाबदारी स्वतःकडे घेणाऱ्या एका पूर्ण दिग्दर्शिकेचे आहे.